दोनशे दहा घनमिलिमीटर

आमच्या खात्यात कमांडकाकांइतका कंटाळलेला माणूस दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका भरवशाचाही नाही. मॅडम या खात्याच्या प्रमुख, पण त्यासुद्धा त्यांना कमांडकाकाच म्हणतात. एमआरआयचे स्कॅन आमच्याकडे येतात ते नाव काढून, नुसता नंबर टाकून. काका काळ्या खिडकीत कमांडची एक लांबलचक ओळ टाइप करतात, एंटर दाबतात, आणि सॉफ्टवेअर आठ तास दळत बसतं. शेवटी मेंदूच्या एकेका भागाचं माप हातात येतं. एक टिंब चुकलं तरी सगळं मुसळ केरात. नवीन आलेलं कुणीतरी विचारतंच, "काका, हे माउसने नाही का होत?" काका मान वर न करता म्हणतात, "माउसने पत्ते खेळता येतात."

माउस त्यांनाही लागतो, पण नंतर. सॉफ्टवेअर कधी मेंदूवरच्या आवरणालाच मेंदू समजतं, कधी खरा तुकडा वगळून टाकतं. मग काका स्कॅनमधला एकेक काप, म्हणजे मेंदूच्या एका पातळ चकतीचं चित्र, उघडून ती चूक हाताने दुरुस्त करतात. दिवसाला दोनतीनशे काप. संध्याकाळी जिना उतरताना ते कठडा धरून उतरतात, इतके डोळे शिणलेले असतात. आणि दुरुस्ती करणारा स्वतःचीच फसवणूक करू शकतो, म्हणून दुरुस्त केलेला प्रत्येक स्कॅन दुसऱ्याने तपासायचा, असा आमचा नियम आहे. ती दुसरी म्हणजे मी. शेजारच्या टेबलावर चौदा वर्षं. लोक मला खडूस म्हणतात. म्हणोत.

त्या दिवशी दहाच्या सुमाराला मी काकांचा एक स्कॅन उघडला आणि मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मेंदूत आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा एक भाग असतो. नवी आठवण आधी तिथे धरली जाते. म्हातारपणी तो थोडा आकसतोच, पण फार आकसला तर ते दुखण्याचं लक्षण. काकांनी तो भाग दोन्हीकडे फुगवून ठेवला होता. भोवतीचं, स्कॅनवर काळं दिसणारं पाणी ठिपक्या-ठिपक्याने मेंदूत घेतलं होतं. हिशेब केला, दोनशे दहा घनमिलिमीटर जास्त.

माझं डोकंच फिरलं. चौदा वर्षं आम्हाला शहाणपण शिकवणाऱ्या माणसाने असा उद्योग करावा?

"काका, हे काय केलंत? पाण्याला मेंदू म्हटलंय तुम्ही!"

ते स्क्रीनकडेच बघत राहिले. "तो नंबर तुमच्या काकूचा आहे," ते म्हणाले.

चार वर्षांपूर्वी मॅडमच्या अभ्यासाला साठीच्या आसपासची निरोगी माणसं कमी पडत होती, तेव्हा काकांनी आपल्या बायकोलाच आणलं होतं. दर दोन वर्षांनी एक स्कॅन. हा तिसरा. नाव काढलेलं असलं तरी त्या दिवशी मशीनवर एकच बाई आली होती, त्यामुळे नंबर काकांना ठाऊक होता.

"आधी वाटलं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली म्हणून आकडा पडला असेल," ते म्हणाले. "दोन आवृत्त्यांची मापं शेजारी ठेवायची नाहीत, हे मीच तुम्हाला सांगत आलो. मग तिन्ही स्कॅन नव्यावर चालवले. तरी मागच्यापेक्षा सात टक्के कमी. परत चालवले. तेवढेच."

"आणि मग माउस घेतलात."

"हो. एकेक ठिपका भरताना बरं वाटत होतं गं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. खोटं कशाला बोलू, एक कळ दाबून तो स्कॅन पास करावा असं माझ्याही मनात येऊन गेलं. पण पाच टक्क्यांच्या वर घट दिसली की मॅडम त्या माणसाला पत्र पाठवून डॉक्टरकडे धाडतात. फुगवलेल्या मापावर ते पत्र निघालंच नसतं.

"काका, आकडा वाढला म्हणून काकूंचं काही वाढणार नाही," मी म्हटलं. "नुसतं पत्र तेवढं जायचं नाही."

"कळतंय मला," ते म्हणाले. "फार दमलोय."

त्यांनी दुरुस्ती स्वतःच्या हाताने पुसली. ओळ टाइप करताना दोनदा चुकले. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी चुकताना पाहिलं नव्हतं. मग मॅडमच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आले. मॅडमनी तो स्कॅन त्यांच्याकडून काढून घेतला, पत्रावर तिथल्या तिथे सही केली आणि त्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर हजर. डबा ठेवला, खुर्ची ओढली, काळी खिडकी उघडली, पण टाइप काही केलं नाही.

"काकूंना सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. मला वाटलं रडेल. ती उठली आणि कपाटातून एक वही काढून दिली. कुणाला काय सांगितलं, गॅस बंद केला का, धाकट्या नातीचं नाव काय, सगळं लिहून ठेवलंय. दीड वर्ष झालं लिहितेय."

"दीड वर्ष? आणि तुम्हाला काहीच बोलल्या नाहीत?"

"मीही तेच विचारलं." काकांनी चष्मा काढून हातात धरला. "तर म्हणाली, रोज एवढे मेंदू बघून तुम्ही दमून येता. त्यात आणखी माझा कशाला, म्हटलं."