आतोबांच्या मुठी

हातात धरायच्या वस्तूंचा आमच्या आतोबांइतका खोल विचार साऱ्या ठाण्यात कुणी केला नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, कचेरीतले जुने कारकून. विहिरीच्या रहाटात सापडून त्यांच्या उजव्या हाताची बोटं अर्धवटच मिटू लागली, लेखणी सुटली आणि कचेरीने त्यांच्या जागी दुसरा माणूस बसवला. दुसरा कुणी खचला असता. आतोबांनी विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची बायसिकल घरी आणली आणि जाहीर केलं, "कल्याणला लेकीच्या दारात हिच्यावरूनच जाणार. हाताचं ऐकल्यापासून रडतेय ती."

पडत-आपटत महिन्याभरात बायसिकल वश झाली, पण हँडलच्या शिंगाच्या मुठी होत्या बारीक आणि गुळगुळीत. उजवी मूठ हातातून निसटे आणि आतोबा गटारात जात. "चालवणारा बरोबर आहे, मुठी चुकताहेत," असा निकाल देऊन ते शोधाला लागले. शेजारणीचं उलथनं, देवळातली घंटा, दिसेल ते धरून पाहत. एका श्राद्धाला त्यांनी वाढप्याच्या हातची वरणाची पळी काढून घेतली आणि डोळे मिटून धरून बसले. पंगतीत भात निवत होता. "दांडा लांब आहे," म्हणत त्यांनी ती परत केली. मुठींना चामडं लावलं, ते घामाने सरकलं. आत्याच्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या, त्या सुटून चाकात गेल्या. आत्या म्हणाली, "अहो, लुगडं गेलं ते गेलं, आता दात तरी सांभाळा!"

शेवटी बाळकुमच्या खाडीत होडी वल्हवणाऱ्या एका कोळणीकडे त्यांनी वल्हं मागितलं. तिने वल्ह्याऐवजी त्यांचा हातच ओढून पाहिला. "दादा, तुजी बोटां पुरी मिटत नाय. तुला जाडी मूठ पायजे." जाळ्याला बांधायचे पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचे दोन तरंगे तिने कोरून हँडलवर बसवले आणि वर जाळ्याचं सूत घट्ट गुंडाळलं. आतोबांनी हात मिटला. बोटं जिथे अडत, नेमकी तिथेच मूठ होती. ते एकदम ओरडले, "अगं, ही तर माझीच!"

दोन दिवसांनी पहाटे ते बाळकुमहून होडीने पलीकडे जाऊन भिवंडीच्या रस्त्याला लागले. मी आगगाडीने पुढे जाऊन त्यांच्या लेकीसोबत ओट्यावर वाट पाहत होतो. दुपारी गल्लीच्या तोंडाशी घंटा खणाणली. धुळीने पांढरे झालेले आतोबा आणि मागे निम्मं कल्याण! लेक धावली. "बाबा, आधी हात दाखवा."

"हात काय बघतेस? मी आलोय ते बघ!"

चार दिवस पाहुणचार घेऊन ते निघाले. लेक वळणापर्यंत चालत आली. आतोबांनी मागे पाहिलं नाही, मागे पाहिलं की तोल जातो हे ते शिकले होते. पण त्यांनी डावा हात हँडलवरून काढून उंच धरला आणि नुसत्या उजव्या हातावर बायसिकल सांभाळत ते पार दिसेनासे होईपर्यंत तो खाली आणला नाही. लेक डोळ्यांना पदर लावून बराच वेळ तिथेच उभी होती.