‘रेफर’ म्हणजे कुणाकडे?

मी जबलपूरच्या रांझी भागात मुलांना इंग्रजी शिकवते. ‘रेफर’ हे क्रियापद कित्येकदा शिकवलं आहे. मूळ लॅटिन, परत वाहून नेणं. आजचा अर्थ, एखादं काम योग्य माणसाच्या हाती सोपवणं. इथं मात्र नुसतं ‘रेफर हो गए’ म्हटलं की ऐकणारा कुठे म्हणून विचारत नाही. नागपूरच. आणि त्याचा आवाज खाली जातो.

मदन महलजवळच्या एका दवाखान्यात नवरा भरती होता. न्यूमोनिया दोन्ही फुप्फुसांत पसरलेला. सकाळी डॉक्टर म्हणाले, “दीदी, रेफर कर रहे हैं.” लगेच धाकट्या दिरानं नागपूरच्या मामेसासऱ्यांना फोन लावला, ॲम्ब्युलन्स बोलावली, चादरी बांधल्या. आम्हा विदर्भातून आलेल्यांच्या घरांत असंच चालतं. नागपुरात आपली माणसं आहेत, मग झालं. पण मामेसासरे आम्हाला उतरायला खोली देणार होते, ऑक्सिजनची खाट नाही.

स्ट्रेचर दारात आलं तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, “किसके पास?”

“नागपुर.”

“नागपुर में किसके पास?”

“वहाँ बहुत अस्पताल हैं, दीदी.”

म्हणजे सोपवलं कुणालाच नव्हतं. नुसतं इथून काढलं होतं. मी स्ट्रेचरचा दांडा धरला.

“वहिनी, काहून अडून राहिल्या? दादाचा श्वास पाहा ना!”

“पाहतेच आहे. तिथं दारोदार फिरवू का त्यांना? डॉक्टरसाहब, किसी से बात कीजिए. मेरे सामने.”

मास्कखालून हे पुटपुटले, “इथंही शिकवणी?” आणि खोकत सुटले. ओठ निळे पडले. दांडा सोडावा असं वाटलं. सोडला नाही.

डॉक्टरांनी फोन लावले. नकार आला, पुन्हा नकार. शेवटी एका ठिकाणी म्हणाले, एक खाट आहे, लवकर या.

सिवनीच्या पुढे, नागपूर अजून शंभरावर किलोमीटर असताना, ॲम्ब्युलन्स ट्रकांच्या रांगेत अडकली. रांग सुटते न सुटते तोच त्या खाटवाल्या दवाखान्यातून फोन आला, “पेशंट कुठंय? इथं दुसरे लोक बसलेत.”

बाहेर जंगल होतं, संपायचं नाव नव्हतं.

“कामठी आली, नागपूरच्या दारातच आहोत,” मी म्हणाले. “खाट कुणाला देऊ नका.”

दीर ऑक्सिजन सिलिंडरच्या काट्याकडे पाहत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ड्रायव्हरमागच्या काचेवर थाप मारली. “भैया, भगाओ.”