मोहफुलांचे लाडू

सालेकशाला स्टेशनच्या रस्त्यावर आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. मी आणि गावातल्या पाच बाया. नवरा शाळेत मास्तर, त्यामुळे घर त्याच्या पगारावर चालत होतं. मला हे काम वेगळ्या कारणानं करायचं होतं. चैत्रात बाया उजाडायच्या आधी जंगलात जाऊन मोहफुलं वेचायच्या, अंगणात वाळवायच्या, आणि ती सगळी हातभट्टीवाल्याकडे जायची. संध्याकाळी त्यांचीच फुलं दारू होऊन नवऱ्यांच्या पोटात घरी परत यायची. मला वाटलं, फुलं आपण घ्यावीत, लाडू करावेत आणि गोंदियाच्या दुकानांत विकावेत.

पाचजणींमधली सगळ्यात मोठी एक गोंड मावशी होती. तिचा नवरा दारूनंच गेला होता. पहिल्या दिवशी तिनं डोक्यावरची टोपली उतरवली आणि विचारलं, "बाई, माहे फुलं आता भट्टीवर जात नाही. तू दरसाल घेशील ना?"

"घेईन, मावशी," मी म्हणाले. किती सहज म्हणाले.

फुलं निवडायची, मंद आचेवर भाजायची, तीळ, जवस आणि गूळ घालून उखळात कुटायची. भाजणं मावशीकडे. आम्ही घाई केली की ती म्हणायची, "थांब, अजून कच्चा वास येऊन राहिला." पहिल्याच हिवाळ्यात गोंदियाचा एक दुकानदार म्हणाला, "भाभीजी, अगले हफ्ते और लाना." आम्ही हुरळलो. पुढच्या चैत्रात वर्षभर पुरतील इतकी फुलं घेतली. खोलीत पोत्यांची थप्पी लागली.

एका दुपारी उत्पादन शुल्क खात्याची जीप आली. दोघं उतरले. त्यातला साहेब तरुण होता. ठरावीक वजनापेक्षा जास्त मोहफुलं साठवायची तर परवाना लागतो, असं त्यानं सांगितलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. मी त्याच्या हातावर लाडू ठेवला. त्यानं तो शांतपणे खाल्ला.

"चांगला झालाय, ताई. पण मला कागदावर लाडू लिहिता येत नाही. विनापरवाना फुलं सापडली, एवढंच लिहिता येतं."

पोती गेली.

मग परवान्यासाठी आणि माल सोडवण्यासाठी अर्ज करून मी पॅसेंजरनं गोंदियाला खेपा घालू लागले. या टेबलावरून त्या टेबलावर. अर्ज वर पाठवलाय, असं उत्तर मिळायचं. वर म्हणजे कुठे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. एकदा मावशी हट्टानं सोबत आली. पोती ऑफिसच्या व्हरांड्यात उघडीच पडली होती. तिनं एका पोत्यात हात घातला, मूठभर फुलं नाकाशी नेली.

"ओल धरून राहिले. ताडपत्री तरी टाका म्हणावं."

मी बाबूला सांगितलं. तो म्हणाला, जप्तीचा माल आहे, आम्हालाही हात लावता येत नाही. कोणी ओरडलं नाही, कोणी लाच मागितली नाही. भांडायचं तरी कोणाशी?

माल परत देण्याचा कागद मिळाला तोवर पावसाळा अर्धा सरला होता. खोलीत आणून पोती उघडली, तर फुलांचे काळे गोळे झालेले, वर पांढरी बुरशी, आत अळ्या. बायांनी घमेली भरभरून सगळं मागच्या खड्ड्यात टाकलं. मावशीनं शेवटी हात धुतले आणि घरी निघून गेली. परवान्याच्या अर्जाला हो किंवा नाही, काहीच आलं नाही.

पुढच्या चैत्रात ती माझ्या दारात उभी राहिली. डोक्यावर टोपली.

"घेतेस का?"

"परवाना नाही आला, मावशी. घेता येत नाही."

तिनं डोक्यावरची टोपली सावरली.

"मग काय करू? घरी सडवू? पोराचं पोट कायनं भरू?"

मी थोडी घरासाठी घेते म्हणाले, तर ती म्हणाली, "दोन शेर घेऊन काय होते, बाई?" आणि वळली. भट्टीची वाट आमच्या घरावरूनच जायची. ती दिसेनाशी होईपर्यंत मी उंबऱ्यात होते. हाक मारावी असं फार वाटलं, पण हाक मारून सांगणार काय?

खोली मी त्याच महिन्यात सोडली. दोन वर्षांनी मावशीचा मुलगाही प्यायला लागल्याचं कानावर आलं. बाजारात भेटली की ती माझी, मास्तरांची चौकशी करायची, जंगलातली मूठभर चारोळी द्यायची. तिनं मला कधीच काही बोलून दाखवलं नाही. एकदा तरी तिनं बोलायला हवं होतं.