गणपतीतला उपास

बाबांचा गुटखा सुटून बरीच वर्षं झाली. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर; निकालाच्या दिवशी त्यांनी खिशातल्या पुड्या फेकल्या, त्या पुन्हा घेतल्या नाहीत. सुटलं ते संपलं, असंच आम्ही समजलो. पण ते परदेशात, हॅमिल्टनला आमच्याकडे राहायला आले तेव्हा दिसलं, की त्यांचं तोंड दोन बोटांपुढे उघडत नाही. आमटीनेही आग होते म्हणून ताकभात खायचे. गालात आत एक पांढरा चट्टा होता. डॉक्टरांचं नाव काढलं, की "जुनं कशाला उकरायचं?" म्हणायचे. त्यांच्या घासाकडे बघत मी जेवायची. देवापुढे हात जोडले की मनात एकच शब्द येई, आणि तो मी पुरा होऊ देत नसे.

आमच्या जवळच, रोटोटुनाच्या हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती होता. आरतीनंतर उकडीचे मोदक आले. आख्खा मोदक तोंडात जाणार नव्हता, आणि चारचौघांत चिवडत खायची बाबांना लाज. त्यांनी हात मागे घेतला. "मला उपास आहे."

वाढणाऱ्या बाई दुसऱ्या गावाहून, टाकानिनीहून पाहुण्या आल्या होत्या. "गणपतीत कसला उपास, काका? आज देवसुद्धा जेवतो." आजूबाजूचे हसले. बाईही हसल्या, पण बाबांच्या तोंडाकडे लक्ष जाताच त्यांनी ताट खाली ठेवलं. आत जाऊन त्यांनी मोदक कोमट दुधात कुस्करून आणला आणि शेजारी बसल्या.

"आमच्या ह्यांनाही असाच उपास असायचा," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांना दाखवायला उशीर झाला आम्हाला."

बाबांनी चमचा उचलला. सगळी वाटी संपवली. गाडीत बसल्यावर आपणहून म्हणाले, "उद्या डॉक्टरांना फोन कर."

गालाचा तुकडा तपासायला गेला. निकाल येईपर्यंत मी देवाशी नुसते सौदे करत होते: हे सोडीन, ते करीन. एका सकाळी बाबांसाठी ताक घुसळताना देवाला देऊ करण्यासारखं काहीच उरलं नाही. "तुझं तू बघ," एवढंच तोंडून निघालं.

कॅन्सर नाही, असं कळलं. पण तोंड पूर्वीसारखं उघडणार नाही, आणि तपासण्या जन्मभर राहतील. चट्टा अजून आहे, माझी धास्तीही आहे. पुढे मंडळात कळलं, की त्या दिवशी वाढायची पाळी त्या बाईंची नव्हतीच. कुणाच्या तरी बदली त्या उभ्या राहिल्या होत्या. मी फक्त हात जोडते.

यंदा मी मोदक बोटाच्या पेराएवढे केले. बाबांनी आख्खा तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. देवाकडे मागणंही आता मी तेवढंच करते: आजचा घास.