दुहेरी गाठ

“काका, लेस सुटलीय,” मैदानावर मागून पळत आलेली एक मुलगी म्हणाली आणि पुढे निघून गेली. मी खाली पाहिलं. उजव्या बुटाची गाठ सुटली होती.

ती हिने मारलेली गाठ. माझी कंबर धरते म्हणून रोज सकाळी लेस हीच बांधायची आणि म्हणायची, “जा, पळा. चहा निवायच्या आत या.” या वयात पळायचा हुरूप कुठून येतो, असं लोक विचारत. घरी कुणी वाट बघत असलं की पाय आपसूक उचलतात. ही गेल्यावर मात्र पाय ओढत नेतो. गाठी न सोडता, टाचा चेपून बुटांत सरकवतो.

लेस बांधायला वाकलो, पण हात पुढे होईना. डाव्या पायात तिची गाठ अजून होती. तिला धक्का लागू नये म्हणून हळूहळू चालत घरी आलो.