जामाला पेरू म्हटलं नाही म्हणून

“मुलगी मंद आहे,” बाई माझ्यासमोरच आबांना म्हणाल्या आणि कागदावर तसं लिहिलं.

मुलांची समज कशी वाढते, याचा अभ्यास करणाऱ्या त्या प्राध्यापिका पुण्याहून आमच्या पडेगावच्या शाळेत आल्या होत्या. मी चौथीत होते. त्यांनी फळाचं चित्र दाखवलं.

“जाम,” मी म्हणाले.

“नीट बघ. पेरू ना हा?”

“नाय बाई, जाम हाय. आमच्या दारात झाड हाय.”

त्यांनी फुली मारली. आमच्याकडं पेरूलाच जाम म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आबा म्हणाले, “मंग पुढं शिकवून काय करायचं?”

आज नातीनं क्रांती चौकातून जाम आणले. घरभर वास सुटला आणि माझं डोकं फिरलं. नात कॉलेजात तोच विषय शिकवते. म्हणाली, “आजी, चूक तुझी नव्हती.”

ते मला तेव्हाच ठाऊक होतं. बाईंचं काही बिघडलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती माझी.