नरहर मोघ्यांची लाल चिठ्ठी

भोपाळच्या कारखान्यात मी बावीस वर्षं लेथवर काढली, आणि त्यातली निम्मी नरहर मोघ्यांच्या नावानं बोटं मोडण्यात गेली. मोघे तपासनीस. आम्ही घाम गाळून शाफ्ट तयार करायचा, मोघ्यांनी त्याला लाल रंग फासायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर फवारायची आणि हात मागे बांधून वाट बघत उभं राहायचं. कुठे केसाएवढी भेग असली तरी तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटायचा. मग खिशातून लाल चिठ्ठी निघायची. ती शाफ्टला बांधली की शाफ्ट नापास; एकदा बांधली की बांधणाऱ्याशिवाय कुणी सोडायची नाही आणि सोडताना त्यानंच सही करायची, हा नियम. तो मोठ्या साहेबांनाही लागू होता.

"पुसलं की जातो तो डाग," मोघे म्हणायचे. "पुसूनही दिसतो तो दोष. आणि दोष आत असतो."

हे आम्ही कारखान्यात ऐकायचो, त्यांची बायको इंदुमतीवहिनी जेवताना ऐकायची. टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून, त्यामुळे माझ्या नशिबी ते दोनदा यायचं.

एक्याण्णव साली मोघ्यांचा थायरॉइड बिघडला. वजन उतरलं, हात थरथरायला लागले. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. अंगावर ठिपके, पुरळ, ताप, काहीही दिसलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मोघ्यांनी मान डोलावली. गोळ्यांनी हात स्थिर झाले आणि माझे आणखी तीन शाफ्ट नापास झाले.

काही महिन्यांनी त्यांच्या नडग्यांवर मसुरीएवढे लाल-जांभळे ठिपके उठले.

"रंग उडतो गं, पँटमधून आत जातो," मोघे वहिनीला म्हणाले, आणि रोज संध्याकाळी मोरीत बसून रॉकेलनं नडग्या घासायला लागले. ठिपके वाढले. घोटे सुजले. एक ठिपका कानाच्या पाळीवर आला. "रंगाचा हात लागला असेल." ज्या माणसानं माझा एक शाफ्ट सुखासुखी सोडला नाही, त्यानं स्वतःचे दोन्ही पाय तीन आठवडे बिनदिक्कत पास केले! खरं सांगतो, मला मजा वाटत होती.

एका रविवारी वहिनीनं त्यांना अंगणात स्टुलावर बसवलं. नडग्या साबणानं धुतल्या, कोरड्या केल्या, एक ठिपका अंगठ्यानं दाबला. तो जरासुद्धा फिका पडला नाही.

"पुसून गेला का?"

मोघ्यांनी स्वतः अंगठा ओला करून घासून पाहिला.

"मग हा डाग की दोष?"

"अगं, शाफ्टची गोष्ट वेगळी..."

"दोष कुठे असतो, अहो?"

जुन्या लाल चिठ्ठ्यांच्या कोऱ्या पाठीवर वहिनी वाणसामान लिहायची. त्यातली एक तिनं मोघ्यांच्या घोट्याला बांधली. मी भिंतीपलीकडून हसणार होतो, पण गाठ तिला दोनदा मारूनही जमली नाही, तिसऱ्यांदा बसली, आणि मला माझी लाज वाटली.

चिठ्ठी बांधलेली, दोष गेल्याशिवाय वहिनी ती सोडणार नाही, आता नियम मोडणार कसा? मोघे दवाखान्यात गेले. डॉक्टर पाय बघून ओरडलेच, "गोली बंद! आज से नहीं, अभी से!" गोळ्यांनीच रक्तवाहिन्यांना सूज आणली होती. लघवीतून रक्त जायला लागलं होतं. आणखी पंधरा दिवस गेले असते तर मूत्रपिंडं हातची गेली असती.

महिनाभर मोघे दवाखान्यात खाटेवर होते. नर्स चिठ्ठी कापायला कात्री घेऊन आली, तर म्हणाले, "बांधणारी सोडेल."

घरी आल्यावर पुन्हा अंगणात स्टूल. नडग्यांवर आता फिकट तपकिरी खुणा होत्या. वहिनीनं एकेक खूण दाबून पाहिली. माझ्या शाफ्टच्या वेळी मी कधी असा श्वास रोखून धरला नव्हता. शेवटी तिनं गाठ सोडली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि रडली.

मोघ्यांनी चिठ्ठी उचलून तिच्यापुढे धरली. "सही राहिली."

"नाही करणार सही," वहिनी म्हणाली. "दर रविवारी बघणार आहे मी."

तेव्हापासून दर रविवारी ते स्टूल अंगणात यायचं. चिठ्ठी अजून बिनसहीचीच आहे.